दर्यावरचें हंसें

मराठी माणसाला इतिहासाचा छंद असणें ही मुद्दाम सांगण्यासारखी गोष्ट नव्हे. ज्याला तो नाहीं त्यानेंच त्याचें कारण सांगावें, अशी आपल्याकडील वहिवाट आहे. परंतु छंद आरमाराच्या इतिहासाचा आणि बिऱ्हाड मनमाडास, असें म्हटलें म्हणजे ऐकणारा क्षणभर थबकतो. मनमाडचें आणि समुद्राचें नातें आगगाडीपुरतें. मुंबईपासून रुळांनीं सुमारें २६० किलोमीटर अंतर, मध्यें थळ घाट, आणि जवळपास अंकाई-टंकाईसारखे कोरडे डोंगर. नळाला पंधरा-पंधरा दिवसांनीं पाणी येण्याचे दिवस या गांवानें पाहिलेले आहेत. अशा ठिकाणीं राहून भरती-ओहोटीच्या, शिडांच्या आणि वल्ह्यांच्या गोष्टी करणें म्हणजे उपाशी माणसानें पाकशास्त्रावर व्याख्यान देण्यासारखें आहे, हें मला मान्य आहे. त्यांतून या छंदाच्या जोडीला माझा दुसरा छंद दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिकांचा. पहिल्या छंदामुळें लोक मला विद्वान समजण्याचा संभव होता. दुसऱ्यामुळें तो टळला.

या दोन छंदांची सोयरीक कशी जमली, हा प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर द्यावें, आणि तें देतां देतां मराठ्यांच्या आरमारी इतिहासांतील १७२१ पासून १७५६ पर्यंतचा, म्हणजे ३५ वर्षांचा, एक तुकडा श्रोत्यांपुढें मांडावा, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु आहे.

प्रथम विनोदाविषयीं. मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. त्या दशकाच्या उत्तरार्धांत त्या केंद्रावरून चिमणराव आणि गुंड्याभाऊ या जोडीची मालिका दाखविली गेली. दिलीप प्रभावळकर हे चिमणराव आणि बाळ कर्वे हे गुंड्याभाऊ. तीं पात्रें अर्थात् त्याहून पुष्कळ जुनीं. चिंतामण विनायक जोशी यांनीं तीं निर्माण केलीं, १९४० सालीं ‘लग्न पहावें करून’ या बोलपटांतून तीं पडद्यावर आलीं, आणि पुढें त्या छोट्या पेटींतून घरोघर शिरलीं. चिं. वि. जोशी (१८९२–१९६३) हे बडोद्यास पाली भाषेचे प्राध्यापक होते, आणि त्या संस्थानच्या राजदफ्तराची व्यवस्थाही त्यांजकडे होती. महाराष्ट्राला मनमुराद हंसविणारा हा लेखक जुन्या कागदांचा राखणदार होता, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत नसते. मला ती मोठी सूचक वाटते. दफ्तर चाळणाराला एक गोष्ट लवकर कळते. माणसें आपले बेत सुवाच्य अक्षरांत लिहून ठेवतात. त्या बेतांचें पुढें काय झालें, तें समासांत, खोडाखोडींत आणि हिशेबाच्या खर्चाच्या बाजूला सांपडतें. चिमणरावांच्या गोष्टी याच जातीच्या आहेत. बेत चोख, तयारी जय्यत, आणि शेवट फजितींत. शिवाय ती फजिती सांगणारे स्वतः चिमणरावच असतात. दुसऱ्या कोणी सांगितली असती तर ती निंदा झाली असती. त्यांनींच सांगितल्यामुळें ती ऐकावीशी वाटते आणि आपण हंसतां हंसतां शहाणे होतों.

इंग्रजांच्या दूरचित्रवाणीवर हा प्रसंग त्यांच्या दर्यावर्दी वीरांवरही आलेला आहे. बीबीसीच्या ‘ब्लॅकॲडर’ या मालिकेच्या १९८६ सालच्या दुसऱ्या मालेंत राणी एलिझाबेथच्या काळाची यथेच्छ थट्टा आहे. त्यांत टॉम बेकर या नटानें एक दाढीवाला कप्तान रंगविला आहे. त्याला पाय नाहींत, जावयाची वाट त्याला ठाऊक नाहीं, आणि जहाजावर खलाशी तर मुळीं घेतलेलेच नाहींत. ज्या राष्ट्राचें साम्राज्य आरमाराच्या शिडांवर उभें राहिलें, त्याच राष्ट्रानें आपल्या आद्य नाविकांचें असें सोंग काढावें, आणि घरोघर लोकांनीं पोट धरून हंसावें, याचा आमच्यापैकीं कांहींना अचंबा वाटतो. आपण असें सोंग सहन केलें असतें काय, हा प्रश्न मी येथें विचारीत नाहीं. उत्तर सर्वांस ठाऊक आहे. मला विचारावयाचें आहे तें निराळें. स्वतःवर हंसण्याची ही संवय आणि समुद्रावरील यश यांचा कांहीं संबंध असतो काय? तें पाहण्यासाठीं कोंकणच्या किनाऱ्यावर उतरलें पाहिजे.

छत्रपति शिवाजी महाराजांनीं नोव्हेंबर १६६४ मध्यें मालवणास सिंधुदुर्गाचा पाया घातला आणि १६६५ च्या आरंभीं समुद्रमार्गानें बसरूरवर स्वारी केली. त्यांच्या आरमाराची जी परंपरा पुढें कान्होजी आंग्रे यांजकडे आली, तिचा कणा दोन जातींच्या जहाजांचा होता. गुराब ही दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, मोठी असली तर सुमारें ३०० टनांपर्यंतची. तिचा पुढचा भाग लांब आणि निमुळता असून त्यावरून थेट समोर मारा करणाऱ्या तोफा बसविलेल्या असत. गलबत तिच्याहून लहान, क्वचितच ७० टनांच्या वर; परंतु त्याला ४०-५० वल्हीं असत. वारा पडला कीं युरोपियन जहाज पाण्यावर खिळल्यासारखें उभें राही. अशा वेळीं गलबतें वल्हीं मारीत पुढें सरत, गुराबांना दोरांनीं ओढीत नेत, आणि शत्रूच्या तोफा जेथें वळत नाहींत अशा पिछाडीच्या बाजूनें त्याला गांठीत. प्रसंग अंगाशीं आलाच तर उथळ खाडींत शिरावें. मोठें जहाज बाहेर ताटकळत राही.

मुंबईकर इंग्रजांना याचा पहिला धडा १६७९ सालीं खांदेरीस मिळाला. त्या बेटावर मराठे तटबंदी करूं लागले तेव्हां त्यांना हुसकून लावण्यासाठीं इंग्रजांनीं जहाजें पाठविलीं. १८ ऑक्टोबरच्या लढाईंत त्यांचें ‘डव्ह’ हें जहाज मराठ्यांनीं धरून नेलें. ‘रिव्हेंज’ या मोठ्या जहाजानें आपला बचाव उत्तम केला. परंतु रात्रीच्या अंधारांत बेटावर रसद पोंचविणाऱ्या होड्या त्याला अडवितां आल्या नाहींत. बेट मराठ्यांकडेच राहिलें.

कान्होजींच्या काळीं हें वैर वाढलें. कोंकणच्या समुद्रांत फिरणाऱ्या व्यापारी जहाजांनीं आपलें दस्तक घ्यावें, असा त्यांचा आग्रह होता. पोर्तुगीज हाच आग्रह २०० वर्षें धरीत आले होते, आणि इंग्रजही आपलीं दस्तकें देत होते. परंतु एकानें मागितलें तर तो राज्याचा हक्क आणि दुसऱ्यानें मागितलें तर ती चांचेगिरी, असा तेव्हांचा न्याय. म्हणून इंग्रजी कागदपत्रांत मराठ्यांच्या या सरखेलांचा उल्लेख चांचा म्हणून होतो. चार्ल्स बून हा १७१५ च्या अखेरीस मुंबईचा गव्हर्नर झाला, आणि या ‘चांचा’चा बंदोबस्त करण्याचा त्यानें विडाच उचलला.

बूनच्या मोहिमांची हकीकत वाचूं लागलें कीं चिमणरावांनीं इंग्रजी पोशाख केल्याचा भास होतो. १७१७ सालीं विजयदुर्गावर स्वारी झाली. मुंबईहून शिड्या भरून नेल्या होत्या. तटापाशीं गेल्यावर कळलें कीं तट उंच आहे आणि शिड्या आंखूड आहेत. १७१८ सालीं बून स्वतः खांदेरीवर गेला. बेटाच्या नाकेबंदीचें काम ज्याच्याकडे सोंपविलें तो पोर्तुगीज पूर्वी आंग्र्यांच्याच पदरीं चाकरीस होता. त्याच्या नाकाखालून आंग्र्यांचीं गलबतें रसद घेऊन बेटावर पोंचलीं. १७२० सालीं विजयदुर्गावर पुन्हां स्वारी झाली, आणि या खेपेस सपाट बुडाचा एक तरता तोफखाना बरोबर होता. ‘फ्राम’ हें त्याचें नांव. पुष्कळ खर्च करून आणि मोठ्या आशेनें तो बांधला होता. जागेवर नेल्यावर असें दिसून आलें कीं त्याच्या तोफांचीं दारें फार खालीं ठेवल्यामुळें तोफांचीं तोंडें वर करतां येत नाहींत. किल्ला उंचावर आणि गोळे पाण्यांत! मुंबईस तोफखाना बांधणाऱ्यांनीं सर्व कांहीं मोजलें होतें, फक्त किल्ल्याची उंची मोजावयाची राहिली होती.

या साऱ्यावर कळस चढला तो १७२१ च्या अखेरीस, कुलाब्यास. कंपनीनें विलायतेंत रदबदली करून राजाच्या आरमारांतील चार लढाऊ जहाजें मिळविलीं होतीं, आणि त्यांचा प्रमुख होता कमोडोर टॉमस मॅथ्यूज. हा गृहस्थ शूर होता, परंतु त्याचा पारा नेहमींच चढलेला असे. मुंबईस येतांच पहिला तंटा सलामीचा. आधीं किल्ल्यानें तोफा डागून जहाजांना सलामी द्यावी, कीं आधीं जहाजांनीं किल्ल्याला द्यावी? यावर निरोपांची ये-जा चालली. शत्रूवर अद्याप एकही गोळा पडलेला नव्हता. मित्रावर कोणी आधीं फुकटची दारू उडवावी याचाच खल चालू होता.

इंग्रज आणि गोव्याचे पोर्तुगीज यांनीं मिळून कुलाबा घ्यावा, असा करार झाला. खुद्द पोर्तुगीज व्हाइसरॉय सैन्यासह चौलास येऊन दाखल झाला. कुलाब्याचा किल्ला अलिबागेजवळ समुद्रांत आहे; ओहोटी लागली म्हणजे किनाऱ्यावरून पायीं जातां येतें. तेव्हां समुद्रांतून आरमारानें आणि जमिनीवरून फौजेनें एकदम घाव घालावा, हा बेत उत्तम होता. कागदावर त्याला नांव ठेवण्यास जागा नाहीं.

परंतु शाहू महाराजांकडून कान्होजींच्या मदतीस फौज निघाली होती, आणि तरुण बाजीराव पेशवे घोडदळासह कोंकणांत उतरले. एके दिवशीं मॅथ्यूज पाहणी करीत असतां एका मराठी स्वारानें भरधांव येऊन त्याच्या मांडींत भाला मारला आणि तो तसाच दौडत निघून गेला. मॅथ्यूज रागानें वेडा होऊन घोडा फेंकीत त्याच्या मागें लागला, त्याला गांठलें, पिस्तूल रोखलें, चाप ओढला. बार झाला नाहीं. दुसरें पिस्तूल रोखलें; तेंही मुकें. रागाच्या भरांत पिस्तुलें भरून घ्यावयाचीं राहिलीं होतीं. तो मराठा स्वार नंतर आपल्या सोबत्यांना काय म्हणाला असेल, हें इतिहासानें लिहून ठेवलेलें नाहीं, आणि त्याबद्दल मी इतिहासाला क्षमा करूं शकत नाहीं.

हल्ल्याच्या दिवशीं इंग्रज किल्ल्याशीं भिडले. मराठ्यांचें घोडदळ पाहतांच पोर्तुगीज फौजेची फळी फुटली, आणि उघडे पडलेले इंग्रज तोफा व दारूगोळा टाकून माघारे आले. व्हाइसरॉयांची प्रकृति एकाएकीं बिघडून ते आपल्या जहाजावर निघून गेले. मॅथ्यूजनें तपासणीसाठीं आपला वैद्य पाठविला आणि त्याला रोग कांहीं सांपडला नाहीं, असें सांगतात. लढाईनंतर तर मॅथ्यूज संतापानें पोर्तुगीजांच्या छावणींत घुसला, त्यांच्या सेनापतीच्या तोंडावर त्यानें छडी मारली, आणि व्हाइसरॉयांचाही मुलाहिजा फारसा ठेवला नाहीं. थोड्याच दिवसांत, जानेवारी १७२२ मध्यें, पोर्तुगीजांनीं इंग्रजांना बाजूस ठेवून मराठ्यांशीं तह केला. संयुक्त मोहीम समाप्त झाली. पुढें हाच मॅथ्यूज अॅडमिरल होऊन १७४४ सालीं तुलाँच्या लढाईंत इंग्रजी आरमाराचा प्रमुख झाला. तेथेंही आपल्या हाताखालच्या अधिकाऱ्याशीं त्याचें बिनसलें, चौकशी झाली, आणि १७४७ मध्यें त्याला आरमारांतून काढून टाकण्यांत आलें. माणसाचा स्वभाव हा त्याच्याबरोबर बोटींत चढतो आणि बोटींतून उतरतो.

येथवर हंसणें सोपें आहे, कारण हंसें शत्रूचें झालें. मी स्वतः ही हकीकत जितक्या वेळां वाचली तितक्या वेळां हंसलों आहें. परंतु हंसणें ओसरल्यावर एक साधा प्रश्न मनांत येतो. या गोष्टी आपल्याला कळल्या कशा? आंखूड शिड्या, बिनउंचीच्या तोफा, बिनदारूचीं पिस्तुलें, या साऱ्यांची नोंद केली कोणी? आपण नव्हे. ती इंग्रजांनीं केली. या मोहिमांत काम केलेला क्लेमेंट डाउनिंग नांवाचा एक कनिष्ठ नौसैनिक होता. त्यानें १७३७ सालीं लंडनमध्यें एक पुस्तकच छापलें, आणि त्यांत आपल्या वरिष्ठांची फजिती कांहीं हातचें न राखतां सांगितली. आपल्याकडे या विजयाचा अभिमान राहिला, आणि तो योग्यच होता. परंतु विजयाचा तपशील राहिला नाहीं. शत्रु कां हरला, तो पुन्हां येईल तेव्हां काय बदलून येईल, आणि त्याच्या ज्या चुका आपल्या उपयोगीं पडल्या त्या आपण केल्या तर काय होईल, याचा हिशेब मांडावयास तो तपशील लागतो.

तो हिशेब इंग्रजांनीं मांडला. सर्व मोहिमांच्या फजितीचें सार एका ओळींत येत होतें. समुद्रावरून किल्ला नुसता ठोकून भागत नाहीं, जमिनीच्या बाजूस भरंवशाची फौज पाहिजे. आणि जमिनीच्या बाजूस भरंवशाची फौज त्या प्रदेशांत एकच होती, ती म्हणजे मराठ्यांची. शत्रूची फौज आपल्या बाजूस आली तर कुलाब्याचें नाटक उलटें करतां येईल. त्या संधीची त्यांनीं ३४ वर्षें वाट पाहिली, आणि ती आम्हीं आणून दिली.

कान्होजी ४ जुलै १७२९ रोजीं वारले. वडील पुत्र सेखोजी १७३३ मध्यें गेले, आणि मागें राहिलेल्या भावांत वांटणीचें भांडण लागलें. ज्यांनीं घरांत वांटण्या पाहिल्या आहेत त्यांना हें निराळें वर्णन करून सांगण्याची गरज नाहीं. फरक इतकाच कीं येथें भांड्यांच्या जागीं किल्ले आणि गुराबा होत्या. १७३५ मध्यें पेशव्यांनीं मध्यें पडून तोड काढली. मानाजी कुलाब्यास आणि संभाजी विजयदुर्गास, अशीं एका आरमाराचीं दोन आरमारें झालीं. प्रत्येक भाऊ दुसऱ्यावर कुरघोडी करण्यासाठीं बाहेरच्या कोणाचा तरी हात धरूं लागला. संभाजीमागून विजयदुर्गास तुळाजी आले. पराक्रमानें ते बापास शोभणारे होते. १७४९ मध्यें त्यांनीं कंपनीचें ‘रेस्टोरेशन’ हें जहाज लढून धरून आणलें, आणि तें विजयदुर्गाच्या बंदरांत आपल्या ताफ्यांत ठेवलें. या जहाजाचें नांव श्रोत्यांनीं लक्षांत ठेवावें.

तुळाजींनीं पेशव्यांची सत्ता मानली नाहीं, देणें दिलें नाहीं, आणि कोंकणांतील शेजारी सरदारांच्या मुलखांत उपद्रव केला. म्हणजे पेशव्यांची तक्रार पोकळ नव्हती. आज अडीचशेंहून अधिक वर्षांनीं आरामखुर्चींत बसून नानासाहेब पेशव्यांना दूरदृष्टि नव्हती असें म्हणणें सोपें आहे. त्यांच्यापुढें एक बंडखोर सरदार होता, आणि त्याला वठणीवर आणण्यासाठीं लागणारीं मोठीं जहाजें त्यांजपाशीं नव्हतीं. शेजाऱ्याकडे तीं होतीं. १९ मार्च १७५५ रोजीं पेशवे आणि मुंबईकर इंग्रज यांचा करार झाला. एप्रिलमध्यें कमोडोर विल्यम जेम्स यानें सुवर्णदुर्ग तोफांनीं नमविला आणि कराराप्रमाणें तो मराठ्यांच्या स्वाधीन केला. या जेम्सच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीनें १७८४ मध्यें लंडनजवळच्या एका टेकडीवर त्याच्या स्मरणार्थ मनोरा बांधला. त्याचें नांव ‘सेव्हर्नड्रूग’. आमच्या हर्णैच्या सुवर्णदुर्गाचा असा अपभ्रंश होऊन तो आजही तेथें उभा आहे.

सुवर्णदुर्ग परत मिळाल्यामुळें पेशव्यांचा विश्वास वाढला. सभ्य पाहुणा पहिल्या दिवशीं ताट स्वतः उचलून ठेवतो, तसा हा प्रकार होता. फेब्रुवारी १७५६ मध्यें अॅडमिरल वॉटसनचें आरमार आणि त्याबरोबर कर्नल क्लाइव्हची पलटण विजयदुर्गास आली. जमिनीच्या बाजूनें पेशव्यांची फौज आली. पस्तीस वर्षांपूर्वींचा कुलाब्याचा बेत हा अगदीं तोच. पात्रें तेवढीं बदललीं. पोर्तुगीजांच्या जागीं आतां आम्ही होतों.

तुळाजी तडजोडीची बोलणीं करण्यासाठीं पेशव्यांच्या छावणींत गेले होते. वाटाघाट पुरी होऊन किल्ला मराठ्यांच्या हातीं जाईल, या भीतीनें इंग्रजांनीं घाई केली. १२ फेब्रुवारीस तोफा सुरू झाल्या. दुपारीं चारच्या सुमारास एक पेटता गोळा बंदरांत बांधलेल्या एका जहाजावर पडला. तें जहाज म्हणजे ‘रेस्टोरेशन’. तें पेटलें, त्याच्यावरून शेजारच्या गुराबा पेटल्या, एकाला एक दोरांनीं बांधलेला सारा ताफा पेटला, आणि संध्याकाळपर्यंत आंग्र्यांचें आरमार राहिलें नाहीं. इंग्रजांपासून जिंकलेलें जहाजच मराठ्यांच्या आरमाराची काडी ठरलें. एखाद्या विनोदी लेखकानें हा प्रसंग कल्पिला असता तर संपादकानें तो ओढूनताणून आणलेला म्हणून परत केला असता. १३ तारखेस किल्ला पडला.

आंत सुमारें दहा लाख रुपयांची लूट सांपडली. तिची वांटणी कशी करावयाची, हें इंग्रज अधिकाऱ्यांनीं मुंबईहून निघण्यापूर्वींच ठरविलें होतें, आणि त्या यादींत मराठ्यांचा रकाना नव्हता. त्यांच्या आपसांतही तंटा झाला. कर्नल क्लाइव्हला आरमारी कप्तानाइतकाच वांटा द्यावा, हें लष्करी लोकांना रुचेना. तेव्हां वॉटसननें स्वतःच्या वांट्यांतून तूट भरून देण्याची तयारी दाखविली, आणि क्लाइव्हनें ती नम्रपणें नाकारली. १७२१ मध्यें मित्राच्या तोंडावर छडी मारणारे ते हेच लोक. ३५ वर्षांत ते आपसांतलें भांडण सौजन्यानें मिटविण्यास शिकले होते. किल्ला मात्र त्यांनीं लगेच सोडला नाहीं. पेशव्यांचीं पत्रें जात राहिलीं, उत्तरें येत राहिलीं. आणि ऑक्टोबर १७५६ च्या तहानें बाणकोट आणि भोंवतालचीं कांहीं गांवें कंपनीकडे कायम झालीं तेव्हां विजयदुर्ग मराठ्यांस मिळाला. तुळाजींचें उरलेलें आयुष्य पेशव्यांच्या कैदेंत गेलें. वॉटसन आणि क्लाइव्ह मात्र रिकामे झाले होते. तेथून ते मद्रासेस गेले, मद्रासेहून बंगाल्यांत, आणि २३ जून १७५७ रोजीं प्लासी झाली. विजयदुर्गाच्या धुरानंतर अवघ्या सोळा महिन्यांनीं.

मनमाडकराला ही गोष्ट एका निराळ्या मापानें समजते. रुंदीकरण होईपर्यंत आमच्या स्टेशनांत दोन मापांचे रूळ होते. मुंबईकडचा रुंद, निजामाच्या मुलखाकडे जाणारा अरुंद. एका बाजूचा डबा दुसऱ्या बाजूस जात नसे; प्रत्येक पोतें हमालाच्या पाठीवरून पलीकडे जाई, आणि त्या उचलठेवींत मजुरी, वेळ आणि थोडें धान्य सांडत असे. मराठ्यांच्या राज्यांत घोडदळ आणि आरमार हे असेच दोन मापांचे रूळ होते. कान्होजी आणि बाजीराव यांच्या काळीं माणसांच्या परस्पर विश्वासानें तें अंतर भरून निघत होतें. तो विश्वास गेल्यावर मधली हमाली इंग्रजांनीं पत्करली, आणि हमालीच्या मोबदल्यांत माल नेला.

यानंतर मराठ्यांचें आरमार अजिबात संपलें असें नाहीं. विजयदुर्गास आनंदराव धुळप यांनीं पेशव्यांचें आरमार पुन्हां उभें केलें, आणि ८ एप्रिल १७८३ रोजीं कंपनीचें ‘रेंजर’ हें जहाज हातघाईच्या लढाईनंतर धरलें. शौर्य कमी नव्हतें. कमी पडली ती घडल्या गोष्टीकडे, विशेषतः आपल्या हातून घडल्या गोष्टीकडे, न रागावतां पाहण्याची संवय.

आणि येथें माझे दोन छंद एकत्र येतात. हंसणें दोन प्रकारचें आहे. शत्रूची फजिती पाहून हंसणें हें कोणासही येतें. त्यानें माणूस सुखावतो, पण शहाणा होत नाहीं. स्वतःची फजिती तपशीलवार सांगून हंसणें हें कठीण. पण त्यांत चुकीची नोंद राहते, आणि नोंद राहिली कीं पुढच्या खेपेस शिडी मोजून घेतली जाते. डाउनिंग आणि चिमणराव हे एकाच दफ्तराचे दोन कारकून आहेत. इंग्रज हंसले म्हणून जिंकले, असें मी म्हणत नाहीं. त्यांजपाशीं पैसा होता, तोफा होत्या, आणि गरजेपुरता कपटीपणाही होता. परंतु आपल्या हाराची हकीकत लिहून, छापून आणि वाचून त्यांनीं तिचें भांडवल केलें, आणि आम्हीं आमच्या विजयाचें फक्त स्मारक केलें.

आज काळ पालटला आहे. मुंबईच्या ज्या कोटांतून बूननें कान्होजींवर मोहिमा पाठविल्या, तेथील नाविक तळाला १५ सप्टेंबर १९५१ पासून ‘आंग्रे’ हें नांव आहे. ४ डिसेंबर २०२३ रोजीं भारतीय नौदलाचा दिवस सिंधुदुर्गावर साजरा झाला. हें पाहून ज्याचा ऊर भरून येत नाहीं त्याच्या उराची तपासणी मॅथ्यूजच्या वैद्याकडून करावी. अभिमान अवश्य असावा. परंतु अभिमानाचा दिवस वर्षांतून एकदां येतो. उरलेल्या दिवसांत इतिहासाकडे चिमणरावांच्या डोळ्यांनीं पाहण्यास हरकत नसावी. कुलाब्याच्या गोष्टीवर आपण मोकळेपणानें हंसतों. विजयदुर्गाची गोष्ट तितक्याच मोकळेपणानें, एकही तपशील न गाळतां, आपणच एकमेकांना सांगूं शकूं, तेव्हां आरमाराचा इतिहास आपल्याला खरा कळला असें मी समजेन. मग तो समुद्रकिनारीं बसून सांगितलेला असो, अथवा मनमाडच्या फलाटावर, उशिरानें येणाऱ्या गाडीची वाट पाहात.